दिवाळीपर्यंत थांबा

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात निरंजन तपासणी खात्यात होता. थंड केलेल्या काचेच्या खोलीत मोजणीचं मशीन, आणि त्याच्यापुढे दिवसभर तो. केसाहून बारीक फरक निघाला तरी अख्खा माल परत पाठवायचा, असा त्याचा लौकिक. "अंदाजे बरोबर आहे राव, सोडून दे," असं कुणी म्हणालं की तो नुसता हसायचा आणि पेटीवर लाल पट्टी चिकटवायचा.

हाच माणूस चिंचवडच्या आपल्या फ्लॅटवर आला की दिवसभर न केलेले सगळे अंदाज करायला बसायचा. 'टॅबवार्ता' नावाचं त्याचं यूट्यूब चॅनल होतं. बाजारात अजून न आलेल्या टॅबलेटविषयी तो त्यावर मराठीत बोलायचा. पडदा किती इंची असेल, सॉफ्टवेअर कुठलं येईल, पेन सोबत देतील की वेगळं घ्यावं लागेल, किंमत तीस हजारांच्या आत राहील का. परदेशातल्या कुणीतरी पाठीमागच्या झाकणाचा धूसर फोटो टाकला, की निरंजन त्यावर वीस मिनिटं बोलू शकत असे. त्याची बायको विजयश्री शाळेत शिकवायची. ती म्हणायची, "अजून कुणी तो बनवलासुद्धा नाही, आणि तू त्याची बॅटरी किती तास चालते ते सांगतोस."

पैशासाठी तो हे करत नव्हता. त्याला आवडायचं ते लोकांचं विचारणं. कारखान्यात त्याचं मत कुणाला नको असायचं, फक्त शिक्का हवा असायचा. इथे मात्र उस्मानाबादहून, गुहागरहून माणसं लिहायची, "दादा, आत्ता घेऊ का थांबू?" निरंजनचं उत्तर बहुतेक वेळा एकच असे: थांबा. थांबल्याने कुणाचं काही बिघडत नाही, उलट चार पैसे वाचतात, हा त्याचा अनुभव होता.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्याला तेजस्विनीचा मेसेज आला. ती तळवड्याची, हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला. तिने लिहिलं होतं: "माझ्या वडिलांना नसांचा आजार झालाय. जीभ जड होत चाललीय. डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांत बोलणं पूर्ण बंद होईल. हल्ली टॅबमध्ये आपला आवाज भरून ठेवता येतो, मग लिहिलेलं तो आपल्याच आवाजात बोलतो, असं वाचलं. आत्ता जो मिळतो त्यात हे फक्त इंग्रजीत आहे. तुम्ही म्हणता तो नवा टॅब मराठीत बोलेल का? घरी येऊन जरा सांगाल का?"

रविवारी निरंजन गेला. हौसेने गेला. कॅमेराही सोबत घेतला, चॅनलवर एक भाग होईल म्हणून. तेजस्विनी त्यालाही हो म्हणाली.

घर जुन्या गावठाणातलं. मागच्या बाजूला वर्कशॉपं उठली होती, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडून प्रेसचे ठोके ऐकू येत होते. तेजस्विनीचे वडील, दत्तोबा, ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. साठीचा माणूस, भरदार खांदे, डोक्यावर टोपी. हे दत्तोबा म्हणजे बैलगाडा शर्यतीचे निवेदक. खेड, मावळ, जुन्नर, कुठल्याही घाटावर, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, यात्रेची शर्यत असली की माईक त्यांच्या हातात. गाडा सुटला की कुणाचा, कुठल्या गावचा, बैलांपुढे पळणारी घोडी कुठली, हे ते असं सांगत की पाठमोऱ्या माणसालाही ती बारी, ती अख्खी धाव दिसावी. शर्यतींवर बंदी होती ती वर्षं त्यांनी लग्नांत आणि साखरपुड्यांत निवेदन करून काढली. बंदी उठली तेव्हा पहिल्या घाटावर माईक हातात घेऊन ते नुसतेच उभे राहिले होते, त्यांना बोलवेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कुठे आवाज फुटला.

"या सायेब," ते म्हणाले. शब्द थोडा घसरला, पण कळला. "घ्यावा का थांबावं, त्ये सांगा."

निरंजनने मोबाइल काढला. नव्या टॅबच्या पडद्याचा चोरून बाहेर आलेला एक फोटो त्याने दाखवला. भाषांच्या यादीत, खालून तिसरी, 'मराठी' लिहिलेली होती. तो रंगात आला. हा टॅब दिवाळीच्या तोंडावर येणार, किंमत आत्ताच्यापेक्षा दहा हजारांनी कमी असणार, आणि आपलाच आवाज मराठीत असणार, हे त्याने समजावून सांगितलं. समोर पडद्यावर वाक्यं येतील, ती वाचायची, झालं काम. आत्ताचा घेऊन इंग्रजी वाक्यं कशाला वाचायची?

दत्तोबांची बायको इंदुताई चहा घेऊन आली. तिने विचारलं, "दिवाळीपातूर ह्यांचा आवाज टिकंल का पन, दादा?"

हा प्रश्न निरंजनला नव्हता, डॉक्टरला होता. पण त्याला उत्तर द्यायची सवय होती.

"टिकेल की, काकू. अजून चांगलं बोलतायत. दिवाळीपर्यंत थांबा."

दत्तोबांनी मान डोलावली. "व्हय. थांबू."

ऑगस्टच्या शेवटी बातमी आली की टॅबची तारीख पुढे गेली. निरंजनने तेजस्विनीला कळवलं, "नाताळपर्यंत नक्की." तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "आबांचं बोलणं आता फक्त आईला समजतं."

ऑक्टोबरात तेही गेलं. एके सकाळी दत्तोबांनी इंदुताईला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला आणि ती "पानी का? खिडकी का?" असं विचारत राहिली. त्यांनी तीनदा सांगितलं, मग तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर त्यांनी बोलून पाहणंच सोडलं.

तेजस्विनी त्यांना चिंचवडच्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आधीचा आवाज रेकॉर्ड केलाय ना कुठे? शांत खोलीतला, साधं बोलणं?"

"नाही. आम्ही नव्या टॅबची वाट बघत होतो."

"त्याला टॅब कशाला हवा होता? साध्या फोनवर रोज अर्धा तास बोलून घेतलं असतं तरी चाललं असतं. नंतर ज्यात सोय येईल त्यात घालता आलं असतं."

तेजस्विनीने हे निरंजनला फोनवर सांगितलं. ती चिडली नाही. बाईंनी जे शब्द वापरले तेच तिने वापरले आणि फोन ठेवला. निरंजन तेव्हा कारखान्यातच होता. हातातला भाग मशीनवर ठेवायचा तो कितीतरी वेळ हातातच राहिला.

मग धावाधाव सुरू झाली. दत्तोबांचे घाटांवरचे व्हिडिओ लोकांकडे ढिगाने होते. पण त्यांत कर्ण्याची घरघर, शिट्ट्या, हलगी आणि हजारोंचा गलका. शिवाय त्या आवाजात दत्तोबा फक्त ओरडत होते, गाडामालकांची नावं आणि "भिर्रर्र" तेवढं. त्यातून माणूस घरात कसा बोलायचा ते निघत नव्हतं. तेव्हा निरंजनला आपला कॅमेरा आठवला. मे महिन्यातलं ते चित्रण त्याने कधीच चॅनलवर टाकलं नव्हतं. ओट्यावर गलका नव्हता, प्रेसचे ठोके होते ते लांबचे, आणि माईक जवळ होता. तो हेडफोन लावून बसला. एकूण एकेचाळीस मिनिटं. त्यातली अडतीस मिनिटं तो स्वतःच बोलत होता. दत्तोबा मध्येच "बरं" म्हणत होते, "व्हय" म्हणत होते. एके ठिकाणी त्यांनी एक गोष्ट सांगायला सुरुवात केली होती, "आमच्या वडलांचा एक बैल व्हता सायेब, त्यो..." आणि निरंजनने त्यांना तोडून बॅटरीचं सांगायला घेतलं होतं.

तो तुकडा त्याने पुन्हा पुन्हा ऐकला. विजयश्री आत आली तेव्हा तो कान झाकून बसला होता. तिने त्याचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, तो तुकडा ऐकला आणि त्याच्या शेजारी बसली.

नवा टॅब फेब्रुवारीत आला. किंमत निरंजनने सांगितली होती त्याहून आठ हजारांनी जास्त. मराठी होती, पण आपला आवाज भरायची सोय मराठीत नव्हती. मराठी बोलायला त्यात एकच तयार आवाज होता. यादीतल्या त्या एका शब्दाचा अर्थ एवढाच होता. निरंजनने पहिल्याच दिवशी टॅब विकत घेतला, खोकं न उघडता तळवड्याला नेला आणि तेजस्विनीच्या हातात दिला. ती पैसे द्यायला लागली तेव्हा तो म्हणाला, "नको. एवढं तरी राहू दे."

दत्तोबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून चालत होती. टॅब मांडीवर ठेवून त्यांनी एकेक अक्षर टिपलं. मग टॅब बोलला. एखाद्या बातम्या देणाऱ्या गुळगुळीत, शहरी माणसाचा आवाज: "इंदे, च्या ठिव."

इंदुताई दचकून मागे झाली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. त्या नावाने तिला एकच माणूस हाक मारत असे.

"बंद करा त्ये," ती म्हणाली. "कोन परका मानूस बोलतोय घरात."

दत्तोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. निरंजन त्यांच्या पायाशी बसला. त्याने बरेच दिवस तयार करून ठेवलेलं काही त्याला आठवेना. "काका, माझं चुकलं," एवढंच तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं सांगितलं."

दत्तोबा लिहायला लागले. खूप वेळ लिहीत होते. पत्र्यापलीकडे प्रेसचे ठोके पडत होते. मग त्यांनी बटण दाबलं, आणि तो परका आवाज वाचू लागला:

"तुमी सांगितलं म्हनून थांबलो न्हाई. मला थांबायचंच व्हतं. आवाज मशीनमदी भरायचा म्हंजी त्यो जानार ह्ये कबूल करायचं. त्ये मला जमत नव्हतं. तुमी थांबा म्हनला, मला बरं वाटलं."

निरंजनला त्याने हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घाबरलेल्या माणसाला आपण त्याला हवं तेच ऐकवलं, आणि तेही नुसत्या अंदाजावर, हे त्याला अधिकच लागलं.

त्यानंतर दत्तोबांनी टॅबचा आवाज बंद केला. नुसतं लिहून दाखवत. निरंजनने चॅनलवर एक शेवटचा व्हिडिओ टाकला, चार मिनिटांचा. घरात असं आजारपण असेल तर कशाचीही वाट पाहू नका, आजच साध्या फोनवर आपल्या माणसाचं बोलणं भरून ठेवा, असं त्याने सांगितलं. आपण एका कुटुंबाला काय सल्ला दिला होता तेही नाव न घेता सांगितलं. नेहमीच्या मानाने फार कमी लोकांनी पाहिला. खाली पहिलीच टिप्पणी होती, "दादा, ह्याची किंमत गणपतीत उतरेल का?"

जूनमध्ये दत्तोबा गेले. छातीत कफ साठला, दवाखान्यात चार दिवस होते. शेवटच्या दोन दिवसांत बोटंही उचलली नाहीत. अंत्ययात्रेला पंचक्रोशीतले गाडामालक आले होते. एकाने आठवण म्हणून मोबाइलवर घाटाचा व्हिडिओ लावला, आणि त्या गलक्यातून दत्तोबांचा आवाज बाहेर आला तेव्हा तेजस्विनी उठून आत गेली.

दहाव्यानंतर आठवड्याने तिने निरंजनला बोलावलं. आईचं टॅबचं काहीतरी काम आहे म्हणाली. इंदुताई ओट्यावरच बसली होती, टॅब पदरात गुंडाळून. तिने तो उघडून त्याच्यापुढे धरला.

"ह्यांनी जे जे लिवलं त्ये सगळं हाय म्हनं ह्यात. माझ्या हातून पुसलं तर जाईल का, दादा?"

निरंजन "नाही जाणार" म्हणायला निघाला होता. थांबला. "बघून सांगतो," म्हणाला. त्याने आत शिरून एकेक पान तपासलं. चार महिन्यांचं लिखाण होतं, तारखेसकट. पुसता येत होतं, चुकून बोट लागलं तरी. तसं त्याने तिला सांगितलं. सगळ्याची छापील प्रत आणून देतो, तोवर फक्त वाचा, बाकी कशाला हात लावू नका, असंही सांगितलं.

इंदुताईचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. ती बोट ठेवून वाचू लागली, आधी मनात, मग मोठ्याने.

"खिडकी उघड, वारं येऊ दे."

"तेजूला उशीर का झाला, फोन कर."

"च्या ग्वाड झाला."

वाचता वाचता तिचा आवाज बदलत गेला. शेवटचा शब्द ओढायची दत्तोबांची तऱ्हा, मध्येच थांबून पुढचं घाईने टाकणं, सगळं तिच्या तोंडी येऊ लागलं. तेजस्विनी दारात येऊन उभी राहिली. इंदुताईचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

"इंदे, तू जेवलीस का," तिने वाचलं, आणि मान न उचलता उत्तर दिलं, "जेवले."

मग ती पुढच्या ओळीकडे वळली.