धुळाप्पानं डकवलेल्या चिठ्ठ्या

गावच्या वाचनालयात धुळाप्पाला एकोणतीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत त्यानं एकही पुस्तक नंबर पाहून काढून दिलेलं नाही. नंबर होते. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का होता, शिक्क्यात शाईनं लिहिलेला दाखल क्रमांक होता, आणि ते सगळे क्रमांक एका जाडजूड नोंदवहीत ओळीनं बसलेले होते. पण वाचक दारात दिसला की धुळाप्पा खुर्चीवरून उठायचा, दोन कपाटं ओलांडून तिसऱ्यापाशी थांबायचा आणि हात घालून नेमकं हवं ते काढायचा. कोपरा दुमडलेलं निळं. पाठीला पांढरा दोरा घातलेलं. कुणीतरी वर चहाचा कप ठेवलेलं. पुस्तकांना तोंडं असतात असं तो कधी कुणाला म्हणाला नाही. पण त्याच्या लेखी ती होती.

ही नजर बापाची. बाप बिराप्पा मेंढरं राखायचा. दीडशे मेंढरांत एखादं कमी असलं तर ते बिराप्पाला मोजून कळत नसे, नुसती नजर फिरवून कळे: काळतोंडी दिसत नाही, कानफाटी ओढ्यापाशीच राहिली. दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून तेवढा प्रत्येकीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा. पट्ट्याचा अर्थ एवढाच, की हे जनावर आपलं.

धुळाप्पा मात्र मेंढरांमागं गेला नाही. सातवी झाल्यावर काही वर्षं मिळेल ते काम केलं, मग वाचनालयाच्या बांधकामावर राखणीला राहिला, आणि इमारत उभी राहिली तशी तिथंच शिपाई म्हणून चिकटला. पुढं जुने कारकून गेले आणि देवघेवीचं टेबल आपोआप त्याच्याकडं आलं. हिरवं रेक्झिन फाटलेलं, एक खण न उघडणारं टेबल. त्याच्यामागं बसून तो परत येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायचा, ‘कसं हाय?’ लोक सांगायचे. पुस्तकं त्यानं स्वतः वाचली असतील शंभरेक. बाकीची त्याला वाचकांच्या तोंडून कळली. म्हणून तर कमलबाईंना काय आवडेल आणि त्यांच्या शेजारणीला काय आवडणार नाही, हे तो न अडखळता सांगायचा.

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर वाचनालयात कॉम्प्युटर आला.

त्याच्याआधी दोन महिने हर्षाली आली होती. ग्रंथपालाची पदवी घेतलेली, सव्वीस वर्षांची, रोज कळंबहून एसटीनं येणारी. तिनं नोंदवही समोर ठेवून सगळी पुस्तकं एकेक करून कॉम्प्युटरात उतरवली. संस्थेचे कार्यवाह हिंमतराव एक दिवस बुलेटवरून आले, पडद्याकडं लांबूनच बघितलं आणि म्हणाले, “धुळाप्पा, आता सगळं ऑनलाइन. लोकांनी घरबसल्या बघायचं, कुठलं पुस्तक हाय, कुठलं न्हाय. पुस्तक नेलं की मोबाईलवर मेसेज. दिवाळीनंतर कमिटीसमोर मी परीक्षा घेणार. ज्याला हे येतंय त्यानंच टेबलावर बसायचं.”

“आन न्हाय आलं तर, नाना?”

“न्हाय आलं तर झाडू कुठं ठेवलाय तुला म्हाईत हाय.”

कमिटीतले दोघं हसले. धुळाप्पाही हसला, पण त्याचा हात टेबलाच्या फाटक्या रेक्झिनवर गेला आणि तिथंच राहिला.

शिकणं सुरू झालं. हर्षाली शिकवायला कंटाळायची नाही, हे मात्र खरं.

“मामा, आधी लॉगिन करायचं.”

“म्हंजी?”

“म्हणजे आत जायचं.”

“म्या आतच हाय की, ताई. बाहीर कवा गेलो?”

माऊस हलवला की पडद्यावरचा बाण हलतो, इथवर समजलं. पण माऊस टेबलाच्या काठाला आला आणि बाण अजून निम्म्यातच असला, तर पुढं जायचं कसं? तो टेबलाखाली हात नेऊन बघायचा. माऊस उचलून पुन्हा अलीकडं ठेवायचा, हे त्याला सांगावं लागेल असं हर्षालीच्या ध्यानातच आलं नव्हतं. पासवर्डचं त्याहून अवघड. पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं लिहिलं की दार उघडतं, लहान लिहिलं की उघडत नाही. अक्षर तेच, उच्चार तोच, मग कॉम्प्युटरला नेमकं काय खटकतं? त्यानं तीनदा चुकीचं लिहिलं आणि पडद्यानं त्याला पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. तो खरोखरच हात मांडीवर ठेवून पंधरा मिनिटं थांबला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

घरी जेवणाआधी तो काड्यापेटी फरशीवर पुढंमागं सरकवत बसायचा.

“काय घासताय ते?” नागूबाई, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली. “चूल कवाच पेटलीया.”

“शिकतोय.”

“काड्यापेटी?”

मग चिठ्ठ्या आल्या. बारीक काळ्या रेघांच्या, खाली आकडे असलेल्या, लांबच लांब गुंडाळ्यांतल्या. त्याच सुमाराला हर्षालीच्या आतेबहिणीचं लग्न निघालं, पाच दिवसांची रजा. जाताना बॅग खांद्यावर घेतलेली, एसटीची वेळ झालेली. दारातून ती म्हणाली, “मामा, प्रत्येक पुस्तकाला एक चिठ्ठी. पाठीमागं, खालच्या कोपऱ्यात. एकही सुटायला नको. जमेल ना?”

हे मात्र जमण्यासारखं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला कुणी असं काम सांगितलं होतं, जे सांगितल्या सांगितल्या समजलं. त्यानं पहिलं कपाट उघडलं, गुंडाळी सोडली आणि हाताला येईल त्या पुस्तकाला येईल ती चिठ्ठी डकवायला सुरुवात केली. कोपरा फडक्यानं पुसायचा, चिठ्ठी ठेवायची, अंगठ्यानं दाबायची. एकही वाकडी नाही. कपाटामागून कपाट. खाली पडलेली, मागं दडलेली, वाळवीनं कुरतडलेली, सगळी त्यानं बाहेर काढली. चौथ्या दिवशी संध्याकाळी चार हजार तीनशेच्या वर पुस्तकं चिठ्ठ्या लावून उभी होती. अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या उरल्या.

हर्षाली आली, कपाटांवरून फिरली, हरखली. उरलेल्या चिठ्ठ्या बघून म्हणाली, “ही गहाळ झालेली असणार. नोंदवहीत आहेत, जागेवर नाहीत.” मग दोन पुस्तकांवर तिनं स्कॅनरचा लाल उजेड मारून बघितला. टेबलावरून आवाज आला, पिक्. पिक्. पडद्याकडं बघायला ती गेली नाही. परीक्षा परवावर आली होती आणि खुर्च्या अजून सांगायच्या होत्या. “शाब्बास मामा,” ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी हिंमतराव आणि कमिटीची पाच माणसं समोर खुर्च्या टाकून बसली. वाचक म्हणून कमलबाईंना बोलावलं होतं. सत्तरीच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेल्या, आठवड्याला दोन पुस्तकं संपवणाऱ्या. हर्षाली मोबाईल धरून समोरून फोटो काढत होती. धुळाप्पा आत गेला, म्हणजे लॉगिन झालं. पहिल्याच फटक्यात. त्यानं कमलबाईंचं नाव शोधलं. मग पुस्तक उचललं. त्यांच्यासाठी त्यानं सकाळीच बाजूला काढून ठेवलेलं, एका डॉक्टरीणबाईंच्या आयुष्यावरची कादंबरी. लाल उजेड चिठ्ठीवर धरला. पिक्.

पडद्यावर नाव उमटलं. शेळ्यांच्या रोगांवरचं पुस्तक.

धुळाप्पानं हातातल्या पुस्तकाकडं बघितलं. पडद्याकडं बघितलं. हातातली डॉक्टरीणबाई तीच होती, त्यानं निदान चाळीसदा दिलेली. पण गेले दोन महिने सगळे त्याला सांगत होते, की माणूस चुकतो, कॉम्प्युटर चुकत नाही. मग आपलं कुठं चुकलं? बोट कुठं भलतीकडं लागलं?

“काय रं, कुठलं पुस्तक दिलं?” हिंमतराव.

पडदा फक्त धुळाप्पाकडं तोंड करून होता. त्यानं तोंड उघडलं आणि हातातल्या पुस्तकाचं नाव सांगितलं.

हिंमतरावांनी पुस्तक घेऊन मुखपृष्ठ बघितलं, मान डोलावली आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. पेढे आले. धुळाप्पानं आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला कमलबाई दारात.

“धुळाप्पा, म्या शेळ्या कवा घेतल्या रं?”

“काय झालं, काकू?”

त्यांनी मोबाईल पुढं केला. मेसेजात शेळ्यांचं पुस्तक त्यांनी नेल्याचं लिहिलं होतं, परत करायच्या तारखेसकट. “सून म्हणती, आत्या, ह्या वयात शेळ्या पाळायच्या का आता?”

“मिशनीचं काय खरं नसतंय,” तो म्हणाला. पण त्या गेल्यावर त्यानं कपाटातलं एक पुस्तक आणून उजेडाखाली धरलं. ज्योतिषाचं पुस्तक; पडदा म्हणाला, विहीर पुनर्भरण. लहान मुलांच्या गोष्टी. पडदा म्हणाला, भारतीय दंडविधान. चौथ्या-पाचव्या पुस्तकालाही तेच. त्यानं चिठ्ठीखालचा आकडा बघितला. पहिल्या पानावरच्या शिक्क्यातला आकडा बघितला. दोन्ही वेगळे. चिठ्ठी म्हणजे गेरूचा पट्टा नव्हता. प्रत्येक चिठ्ठी एकाच पुस्तकाची होती, आणि त्यानं चार हजार पुस्तकांना एकमेकांची नावं देऊन ठेवली होती.

दोन दिवस तो काही बोलला नाही. टेबल त्याचं झालं होतं, सगळ्यांसमोर. पुस्तकं तो बरोबर देत होता, पिक् वाजत होतं, आणि कॉम्प्युटर आपल्या मनानं भलतंच लिहीत होता. तालमीतल्या एका पोराला भरतकामाचं पुस्तक नेल्याचा मेसेज गेला. पोरं दिवसभर त्याला रुमाल मागत राहिली. लोकांना गंमत वाटत होती. धुळाप्पाला मात्र कमलबाईंची परतीची तारीख दिसत होती.

तिसऱ्या दिवशी त्यानं हर्षालीला सांगितलं.

“मामा, आकडा बघून नाही लावल्या?”

“आकडा कशाला बघायचा? तुमी म्हणला, परत्येकाला एक.”

हर्षाली खाली बसली. “हो. मी तसंच म्हणाले होते.” कपाटांकडं बघत तिनं विचारलं, “सगळ्या?”

“समद्या. एकबी सोडली न्हाय.”

तिला हसू आलं की रडू, ते त्याला नीट कळलं नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, “कुणाला सांगू नका. आपण दोघं मिळून दुरुस्त करू. नानांना कळलं तर टेबल जाईल तुमचं.”

“आन तवर? कमलकाकूंनी डॉक्टरीणबाई आणून दिली, तरी ह्यो त्यांच्याकडं शेळ्याच मागणार. त्यांनी नेलंच न्हाय ते.”

त्या दुपारी तो सायकलवरून हिंमतरावांच्या मळ्यात गेला.

हिंमतरावांनी सगळं ऐकून घेतलं. “पण परीक्षेला तू नाव बराबर सांगितलं की रं.”

“हातातलं सांगितलं, नाना. पडद्यावरलं न्हाय.”

“म्हंजी फसवलं?”

धुळाप्पानं खरंच विचार केला. “काय की. कुठलं खरं धरायचं त्येच कळलं न्हाय मला तवा.”

हिंमतराव चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत, कंटाळल्यासारखे झाले. “टेबल त्या पोरीकडं दे. तू कपाटांकडं. हे निस्तरलं की बघू.”

निस्तरायचं काम असं: कॉम्प्युटरात नोंदी क्रमानंच उघडायच्या, म्हणून हर्षाली पडद्यावरून एकेक नाव वाचणार, धुळाप्पा ते पुस्तक आणणार, आणि त्याच्यावर जी चिठ्ठी असेल तिचाच आकडा ती कॉम्प्युटरात त्या नावापुढं चढवणार. धुळाप्पा सगळी पुस्तकं ओळखतो, चार दिवसांत होईल, असं तिला वाटलं. पण धुळाप्पा पुस्तकं नावानं ओळखत नव्हता.

“लेखक बाई आहेत, मामा. दोनशे बारा पानं.”

“रंग सांगा.”

“रंग नाही हो इथं.”

“जाड का बारीक?”

“दोनशे बारा पानं म्हटलं ना.”

“बरं, कोन नेत हुतं ते?”

हर्षालीनं जुनी देवघेवीची वही उघडली, नेणाऱ्यांची नावं वाचली, आणि धुळाप्पा लगेच निघाला. तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा. असं एकेक. दिवसाला साठ-सत्तर. कधी तो भलतंच आणायचा आणि हर्षालीनं नाव दाखवलं की ते नाव पहिल्यांदाच बघितल्यासारखा वाचायचा. इतकी वर्षं याचं नाव हे होतं?

उन्हाळा लागला तेव्हा कुठं शेवटच्या चिठ्ठीचा आकडा जागेवर आला. पिक् वाजलं आणि पडद्यावर तेच नाव आलं, जे पुस्तकावर होतं. हर्षालीनं ते हिंमतरावांना कळवलं. ते फोनवर “बरं झालं” म्हणाले. टेबलाचं काही बोलले नाहीत. हर्षालीनं दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा धुळाप्पानंच तिला नको म्हटलं. का, ते त्यालाही धड सांगता आलं नाही. ती पटापट काम करते, रांग लागत नाही, हे त्याला दिसत होतं.

एका मंगळवारी कमलबाई आल्या. टेबलावरून पुढं, थेट कपाटांपाशी.

“काय देतोस आज?”

त्यानं नुकतंच परत आलेलं एक पुस्तक काढून दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, काखेत मारलं आणि सवयीनं त्याच्यासमोरच उभ्या राहिल्या, तो कधी लिहून घेतोय याची वाट बघत.

“तिकडं, काकू,” तो म्हणाला. “ताईंकडं नोंदवा.”

“व्हय की,” म्हणत त्या वळल्या. धुळाप्पा तिथंच कपाटाच्या दोन उघड्या दारांमध्ये थांबला. कपाट बंद करावं की उघडं ठेवावं, त्यांच्यामागून जावं की इथंच उभं राहावं, हे त्याला कळेना. टेबलावरून पिक् असा आवाज आला. कुठलं नाव उमटलं ते इथून दिसत नव्हतं.