राणीचा डावा कान

रस्त्यात कुत्रं बसलेलं दिसलं की राऊत हवालदार थांबायचे. हात आडवा करून मागच्यांनाही थांबवायचे, जमीन न्याहाळायचे आणि दुसऱ्या गल्लीने जायचे. वलगावात आमच्या भागात कुत्री भरपूर, त्यामुळे त्यांच्यासोबत बाजाराला निघालेला माणूस भाजी संपल्यावर पोचायचा. मी शेजारीण, दोनदा रिकामी पिशवी घेऊन परतले, मग त्यांचा नाद सोडला.

"काहून थांबता हो?" एखादा नवखा विचारायचा.

"राणी बसली म्हून मी उभा हाओ," एवढंच उत्तर.

राणी ही त्यांची फौजेतली कुत्री. पुरलेल्या स्फोटकाचा वास आला की जागच्या जागी बसायचं, हे तिचं शिक्षण. एकदा ती बसली, हवालदारांनी मागच्या जवानांना मागे लोटलं, तोच स्फोट झाला. माणसं सगळी वाचली; राणीचा डावा कान गेला.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच हट्ट धरला: गावात राणीचा पुतळा, आणि तोही एका कानाचा. अकोल्याचे किसनराव मूर्तिकार पुतळ्याला तयार झाले, पण कानाशी अडले.

"खंडित मूर्ती माह्या हातून होनार नाही, मामा. गिऱ्हाईक काय म्हन्तीन?"

"गिऱ्हाईकाचा कान हाये काय तो? तिचा नाही, त नाही!"

अनावरणाला बँडसकट अख्खं गाव जमलं. पडदा सरकला. राणी ऐटीत बसलेली, आणि दोन्ही कान ताठ! हवालदारांच्या मिश्या थरथरल्या. मला वाटलं, आता हे रडतात तरी किंवा मारतात तरी. त्यांनी कडक सलाम ठोकला, नारळ उचलला आणि राणीच्या डाव्या कानावर आपटला. नारळही फुटला, कानही. पाणी सगळं बँडवाल्याच्या बाज्यात.

"अरे मामा!" किसनराव किंचाळले.

"आता आली माही राणी," म्हणत हवालदार खोबरं वाटायला लागले.

पुढच्याच आठवड्यात किसनराव सिमेंट आणून कान जोडून गेले. हवालदारांनी पुन्हा नारळ आणला. हे इतकं चाललं की गावाला खोबऱ्याचा वीट आला. शेवटी किसनराव हरले. त्या दिवशी दोघं माझ्या ओट्यावर हसून हसून लोळले, आणि चहा अर्थातच मी केला.

गेल्या उन्हाळ्यात हवालदार गेले. खांदा द्यायला किसनराव अकोल्याहून आले. चौकात भर रस्त्यात एक पिवळं कुत्रं बसलं होतं. अंत्ययात्रा थांबली. कुणी 'हाड' म्हटलं नाही.

किसनरावांनी मोकळा हात आडवा केला. "वळा रे. मामा इथून जानार नाहीत."

दुसरी गल्ली चांगलीच लांबची, आणि ऊन मी म्हणत होतं. मी पदर डोक्यावर ओढला आणि वळले.