साचे कुणाचे

मास्तरीण डूख धरून होती, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर.

दाजींच्या गणवेशाच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं कापड बेतत होती. शिवणारे सहा, बेतणारी ती एकटी, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. भिंतीवरच्या खिळ्यांना पुठ्ठ्याचे दोनशेवर साचे टांगलेले. कॉलर, बाही, खिसा, आणि प्रत्येक वयाचा वेगळा. त्यांवर माप लिहिलेलं नसे. कडेला तिने आपल्या पद्धतीने खाचा पाडल्या होत्या. बोट फिरवलं की तिला कळे, ही आठ वर्षांच्या मुलाची बाही. दुसऱ्या कुणासाठी ती नुसती रद्दी.

आठ वर्षांपूर्वी दाजींनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. "सही कर. आजपासून तू नोकर नाहीस, स्वतंत्र व्यावसायिक. अगं, कागदापुरतं! घरचंच तर आहे."

नोकरामागे मालकाला सरकारात कराचा जो हिस्सा भरावा लागतो, तो दाजींना वाचवायचा होता. हे तिला वर्षअखेरीस नोटीस आली तेव्हा कळलं. मालकाचा आणि नोकराचा, दोन्ही वाटे आता तिच्या डोक्यावर होते, वर उशिराचा दंड. काम तेच, टेबल तेच, सकाळी आठला हजर होणंही तेच.

तेही तिने गिळलं. पण पुढच्या वर्षी अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिने सहा आठवड्यांची भरपगारी रजा मागितली.

"रजा नोकरांना असते, मास्तरीणबाई. तुम्ही तर मालकीण!" दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

शिवणारे खो खो हसले. मशीनवर बसलेली तिची सख्खी ताईसुद्धा. त्या हसण्यातला एकेक आवाज तिने सुटा करून मनात ठेवला.

यंदा करखात्याची तपासणी लागली. आदल्या दिवशी दाजी तिच्या टेबलाशी आले, आवाजात लोणी घेऊन. "विचारलं तर स्वतंत्र आहे म्हण. नाहीतर आठ वर्षांचं सगळं माझ्या बोडक्यावर बसेल."

ती कापडावर खडू ओढत राहिली. खरं सांगितलं तर दाजी बुडत होते. पण दंड सरकारच्या पोटात जाणार, आणि बुडालेल्या कारखान्यात ती काय बेतणार? घरी जाऊन तिने तो कागद काढला. तो खराखुरा दिसावा म्हणून दाजींच्या कर-सल्लागाराने त्यात एक ओळ घातली होती : हत्यारं आणि साचे कारागिराच्या मालकीचे. तिने ती ओळ तीनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी करखात्याच्या अधिकारीबाई तिच्यापाशी थांबल्या. "तुम्ही यांच्याकडे नोकरीला?"

"नाही. माझा स्वतंत्र धंदा आहे."

दाजींचा जीव भांड्यात पडला.

"मग हे साचे कुणाचे?"

"तिचेच! सगळे तिचेच!" दाजी घाईने म्हणाले. बाईंनी तसं लिहून घेतलं आणि खाली दाजींची सही घेतली.

मास्तरीण स्टुलावर चढली. खिळ्यावरून पहिला साचा काढला, मग दुसरा.

"हे काय गं?" ताईने मशीन थांबवलं. "शाळा उघडायला महिना उरलाय!"

"माझा माल नेतेय, ताई."

दाजींनी एकदा अधिकारीबाईंकडे पाहिलं, एकदा आपल्या सहीकडे. संध्याकाळपर्यंत भिंतीवर नुसते खिळे राहिले.

चौथ्या दिवशी ते तिच्या खोलीचे तीन जिने धापा टाकत चढून आले. नवा बेतणारा ठेवून पाहिला होता. त्याच्या बाह्या खांद्याला बसत नव्हत्या. मास्तरीण एका दवाखान्याचे कोट बेतत होती.

"किती घेशील?"

तिने आकडा सांगितला. दुप्पट. "वर माझा कर."

"तुझा कर मी का भरू?"

"तुमचा मी आठ वर्षं भरला, दाजी."

ते बसायला जागा शोधू लागले. एकुलत्या एका खुर्चीवर कापड होतं. तिने ते उचललं नाही.

"बरं, देतो," ते शेवटी म्हणाले. "येतेस ना?"

"हा तागा संपला की सांगते," म्हणत तिने कात्री उचलली. तागा नवाकोरा होता.