म्हशीनंतर आणि घागरीच्या आधी

गेल्या रविवारी मी राजुरीत संपतभाऊंच्या ओटीवर त्यांच्या घरचे मोडी कागद वाचत बसले होते. लाल फडक्यात बांधलेलं जुनं दप्तर... भाऊंना खात्री, वरच्या मळ्याचा एखादा हक्क निघणार. मोडी वाचणारी बाई एरवी कशाला येईल?

मी आले होते बटकींसाठी. बटकी म्हणजे विकत घेतलेल्या दासी. जुन्या कागदांत पंचवीस वर्षं त्यांनाच शोधतेय, आता त्यांच्यावर पुस्तक लिहितेय. संस्कृत शिकले तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, पोरगी उपनिषदांत रमेल. रमले खरी, पण लोकांच्या दप्तरांत.

दुपारी एक वाटणीपत्र निघालं. दोन भावांत घर वाटलेलं. धाकट्याच्या वाट्याला बैलजोडी, म्हैस, सगुणी बटीक, तांब्याची घागर... याच क्रमानं.

मी मोठ्यानं वाचलं आणि भाऊंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"हे नका छापू मॅडम. आमच्या घराण्यात असलं काय नव्हतं." कागद त्यांच्याच हातात होता, हे सांगायचा मोह मी आवरला.

घरच्यांचा होकार नसेल तर छापायचं नाही, हा माझा नियम. म्हणजे सगुणी पुन्हा फडक्यात जाणार... तिचं नाव असलेला दुसरा कागद निदान मला तरी माहीत नाही.

भाऊ गाठ मारायला लागले. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी, मंगलवहिनी, उंबऱ्यातच थांबल्या.

"तिनं दळलेलं खाऊनच वाढलं ना घराणं? मंग नाव छापाया काय जातंय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई कळत. पण सातबाऱ्यावर माझंबी नाव न्हाई. उद्या कुणी म्हणंल, मंगल नावाची बाईच नव्हती हितं."

भाऊंचे हात थांबले. अर्धी मारलेली गाठ त्यांनी सोडली.

"छापा," शेवटी म्हणाले. "पण म्हशीच्या मागं नको, राव. आधी घ्या तिला."

कागदाचा क्रम बदलणं आमच्या धंद्यात महापाप, हे मी समजावलं. भाऊंचा चेहरा पडला. मग म्हटलं, प्रकरणाला नाव काय द्यायचं ते मात्र माझ्या हातात असतं...

तर प्रकरणाचं नाव ठरलं, 'सगुणी'. इतक्या वर्षांत एका बटकीसाठी माझ्याकडे कुणी शब्द टाकला नव्हता. टाकला तो तिच्या धन्याच्या वंशजानं... या कामात असेही दिवस येतात.

मंगलवहिनी, मनापासून आभार. ऋणनिर्देशात तुमचं नाव भाऊंच्या वर छापतेय. भाऊंना ते तुम्हीच सांगा... माझी हिंमत नाही.