शिमगा होईपर्यंत थांबा

पालीच्या हरिहरला आपल्या हापूसची मिजास होतीच, पण त्याहून जास्त होती ती वेबसाइटची. दलालांच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली, आणि २००४ साली पठ्ठ्याने बागेच्या नावाने साइटच काढली. रत्नागिरीत सायबर कॅफे चालवणाऱ्या काशीरामने ती बनवून दिली. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं थेट पेट्या मागवू लागली. दलालाचा फोन आला की हा म्हणे, "आता तुझी गरज सरली हो!" माणूस पहिल्यांदाच ताठ मानेने जगत होता.

२००७च्या शिमग्यात मुंबईहून फोन आला. साइटचं नाव ज्या कंपनीत नोंदवलं होतं, तिथला माणूस बोलत होता.

"काका, तुमच्या साइटमध्ये कुणीतरी घुसलंय. आत बँकेचं खोटं पान बसवल्याचा संशय आहे. ते काढा, नाहीतर साइट बंद करावी लागेल."

हरिहरचं डोकंच फिरलं. "नुसत्या संशयावरून ऐन हंगामात माझं दुकान बंद करणार? मोगलाई लागून गेली काय?"

पण पान काढणार कोण? काशीराम पालखीसाठी गावी गेलेला. देवीची पालखी दारात यायची म्हटल्यावर चाकरमानी नोकरीवर पाणी सोडून येतो, तिथे काशीरामची काय कथा! मग हरिहर नरमला. "शिमगा होईपर्यंत थांबा हो. पेट्यांची नोंदणी चालू आहे, वर्षाचं पोट आहे माझं त्यावर." तो माणूस भला. थांबला.

हरिहरनेही पालखीला खांदा दिला, मनसोक्त नाचला.

काशीराम परतायच्या आदल्या दिवशी संगमेश्वरहून धाकट्या बहिणीचा, कमलाचा फोन आला. ती शाळेतून निवृत्त झालेली. फंडाचे पैसे नवऱ्याच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले.

"दादा, बँकेचा ईमेल आलेला, माहिती परत भरा म्हणून. भरली. आज बघते तर खातं रिकामं रे!"

"अगो, अशी कुठेही कशी भरलीस?"

"कुठेही कुठे? पानाच्या वर पत्त्यात तुझ्या बागेचं नाव होतं. म्हटलं दादाचं आहे, म्हणजे खोटं नसणार."

चोरांनी हरिहरच्याच गिऱ्हाइकांना ते ईमेल धाडले होते, आणि त्यात बहीणही होती. हरिहरने कंपनीला फोन लावून शिव्यांची लाखोली वाहिली. "संशय होता तर बंद का नाही केलीत, मेल्यांनो?"

पलीकडे तोच माणूस होता. "काका, तुम्हीच थांबा म्हणालात."

साइट त्याच दिवशी बंद झाली. बँकेची चौकशी चालूच राहिली. ऑपरेशन लांबलं, आणि ज्येष्ठात कमलाचा नवरा गेला.

वर्षभर तिच्याकडे सण नव्हता. तरी भाऊबीजेला तिचा फोन आलाच. "ओवाळणार नाही रे, पण जेवायला ये. तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

तो मुंबईचा फोन तिला त्याने सांगितलाच नव्हता. "येतो," म्हणाला, आणि गेला नाही.