एका आईची मिसिंग

ती केस आठवली, की आजही तोंडातला घास फिरतो. चौतीस वर्षं खाकी घातली. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जिच्यात ना रक्त सांडलं ना कुणाला शिक्षा झाली, अशी ही एकच केस अजून जीव खाते. नावं सांगणार नाही. काही माणसं हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांनाही अब्रू आहे.

तेव्हा मी पुसद-महागाव पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून डाक पाहत बसलो होतो, तेवढ्यात आखाती देशातून फोन आला. बोलणारा इंजिनिअर होता. आमच्याच हद्दीतल्या तांड्यावरचा, बंजारा समाजातला, शिकून मोठा झालेला. वडील वारल्यावर, दोन वर्षांपूर्वी, त्यानं आईला तिकडे नेलं होतं. सुट्टीत तो बायकामुलांना घेऊन आठ दिवस बर्फ पाहायला दुसऱ्या देशात गेला. आईचे गुडघे दुखत, म्हणून तिला घरीच ठेवलं. परत येऊन दार उघडलं, तर घर झाडून-पुसून लख्ख, आईचा मोबाईल उशीवर, कपाटातला तिचा पासपोर्ट गायब आणि आई नाही. हॉलमधल्या कॅमेऱ्यावर कुणीतरी टॉवेल टाकलेला.

"साहेब, टॉवेल पडायच्या आधीचं रेकॉर्डिंग आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये गाड्या धुणारा एक माणूस आईची बॅग घेऊन दारात उभा दिसतो. तेलंगणातला लमाण आहे. इथल्या पोलिसांनी त्याला आत टाकलंय."

तो माणूस सांगत होता, की म्हातारीला गावी जायचं होतं, मी तिकीट काढून दिलं, विमानतळावर सोडलं. ती हैदराबादला उतरल्याची नोंदही सापडली. त्यापुढे पत्ता नाही. तांड्यावर मामाला फोन केला, तर मामा म्हणाला, इथं आलीच नाही. झालं! अंगावरच्या चांदी-सोन्यासाठी म्हातारीला फूस लावली आणि हैदराबादला साथीदारांनी गाठलं, असा संशय पक्का झाला. आठवडा झाला होता, तो माणूस कोठडीत होता.

"माह्या आईले शोधा, साहेब," पोरगा शेवटी म्हणाला. इतका वेळ शुद्ध बोलणारा माणूस एकदम गावाकडच्या वऱ्हाडीवर आला, तेव्हा त्याचं रडणं मला खरं वाटलं.

मिसिंगची नोंद घेतली, स्टेशन डायरीला टाकली, सगळ्या ठाण्यांना वायरलेस केला. दुपारी त्या तांड्याच्या बीटचा जमादार माझ्या टेबलाशी आला. जुना, मुरलेला माणूस.

"साहेब, एक गोष्ट सांगू काय? थ्या बाईच्या घराले कुलूप हाय. पन अंगण कालपरवाचं सारवलेलं हाय. भूत सारवते काय?"

मी म्हातारीच्या भावाला बोलावून घेतलं. साठीचा माणूस. चहा पुढे ठेवला, त्यानं कपाला हात लावला नाही.

"बहीण कुठं आहे?"

"मले काय मालूम साहेब? थे तर पोराकडं हाय."

"पोराकडं नाही. हरवली."

"हो काय."

दोन तास बसवून ठेवलं. बोट लावलं नाही, आवाजही चढवला नाही. चौकशीत माणूस काय सांगतो त्याहून काय विचारत नाही, तिकडे मी लक्ष देत आलो. ज्याची सख्खी बहीण परमुलखात हरवली, तो 'सापडंल ना साहेब?' असं एकदाही विचारत नव्हता. मग मी म्हणालो, "तुझ्या खोट्यापायी तिकडं एक गरीब माणूस कोठडीत सडून राह्यला. तिला विमानात बसवणारा. तुमच्याच बोलीचा."

त्याची मान वर झाली. "त्याले काहून धरलं? थ्यानं तर मदत केली, बाप्पा!"

बोलून गेला आणि कपाळावर हात मारून घेतला. थोड्या वेळानं स्वतःच उठला. "चाला साहेब."

कुलूप पुढच्या दाराला होतं, मागचं दार उघडं. म्हातारी आत सुपात तूर पाखडत बसली होती. मला पाहून घाबरली नाही, फक्त थकल्यासारखी दिसली. तिच्याशेजारी जमिनीवरच बसलो.

"पोरगा वाईट नाई साहेब, त्याले काई म्हनू नका. सून बी दोन्ही टाइम गरम वाढे. पन पोट्ट्यायसंगं आपली बोली बोलू नको म्हने, शाळेत मास्तरीन रागावते. मंग मी बोलू कोनाशी? एक दिवस खाली गेलती, तं थो गाडी धुता धुता आपल्या बोलीत गानं म्हनून राह्यलता. मले याडी म्हने."

याडी म्हणजे आई. तेलंगणातले लमाण काय, इकडचे बंजारे काय, बोली एकच. गाडी धुणाऱ्याच्या बायकोनंच तिला हैदराबादला उतरवून घेतलं आणि गावाकडच्या गाडीत बसवून दिलं.

"आणि कॅमेऱ्यावर टॉवेल कायले टाकला?"

"पोरगा पाहाचा ना थ्यातून मले, दुरून. त्याच्या डोयापुढून कशी निंघू?"

हा तो पुरावा! आईनं लाजेनं टाकलेला टॉवेल, आणि त्यावरून एक माणूस गजाआड.

"मी इथं हाय असं नका सांगू साहेब," ती म्हणाली. "सांगसान तं थो येते अन् रडते. थो रडला का मले नाई म्हनता येत नाई. मले इथंच राहू द्या."

मी तिला कोठडीतल्या माणसाचं सांगितलं. भावालाच ते आज कळलं होतं, तिला कुठून ठाऊक असणार? तिच्या हातातलं सूप थांबलं.

"माह्यापायी?" एवढंच म्हणाली. मग भिंतीला धरून उठली, पायात चप्पल घातली. "चाला. कुठं अंगठा लावाचा हाय थे सांगा."

महिला शिपायासमोर जबाब झाला. पोराला मोबाईलवर दाखवली, तिकडच्या पोलिसांना कळवलं, तो माणूस सुटला. चौथ्या दिवशी पोरगा आला आणि ठाण्यातच आईच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

कायदा मला पाठ होता. सज्ञान बाई, स्वतःच्या मर्जीनं आलेली. जबाब घ्यायचा, प्रकरण बंद करायचं, तिला राहायचं तिथं ती राहील. ती पोराकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. 'त्यांना इथं राहायचंय', एवढे तीन शब्द मी बोलायचे होते. पण माझा स्वतःचा मुलगा दिवाळीलाही घरी येत नव्हता. त्या पोराला रडताना पाहून मलाच भरून आलं. ठाणेदाराच्या खुर्चीत बाप येऊन बसला आणि घात झाला.

"जा माय," मी म्हणालो. "म्हातारपण लेकाजवळच शोभतं."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

वर्षभरानं, मी निवृत्त झाल्यावर, पोराचा फोन आला. आई कुणाशी बोलत नाही, जेवत नाही, डॉक्टरांना आजार सापडत नाही. "तुमच्याशी बोलेल कदाचित." मोबाईलवर तिचा चेहरा आला. अर्धी झाली होती. मी रामराम घातला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "साहेब, थ्या गाडी धुनाऱ्या पोराचं काय झालं?"

सुटल्यावर त्याचं काम गेलं आणि त्याला गावी धाडलं, इतकं मला कळलं होतं. पुढे तो कसा जगतोय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तसं सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले. त्याच महिन्यात ती गेली. तिकडेच.

ठाण्याच्या रजिस्टरात त्या नोंदीपुढे माझ्या अक्षरात लिहिलंय, 'मिळून आली, मुलाच्या ताब्यात दिली.' जप्त केलेली मोटारसायकल परत देताना आम्ही असंच लिहितो. नवे अधिकारी भेटायला येतात, काय शिकलात विचारतात. मी सांगतो, हरवलेलं माणूस सापडलं, की कुठं जायचंय ते आधी त्यालाच विचारा. मला तर विचारायचीही गरज नव्हती. तिनं मला आधीच सांगितलं होतं.