खुटबावची ओली भिंत

माझा राग नाकावर असतो, हे दौंडात आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. वडील रेल्वेत होते आणि ड्युटीवरून आले की कमरेचा पट्टा काढायचे. खाण तशी माती. मला धंदाही असा मिळाला की ज्यात आधी भिंतीला मारावं लागतं.

भिंतचित्र म्हटलं की लोकांना ब्रश दिसतो. आमचं काम हातोडीनं सुरू होतं. हातोडीच्या दांड्यानं भिंत वीत-वीत ठोकत जायचं. आवाज भरीव आला तर ठीक. भद्द आला तर आतून प्लास्टर सुटलंय असं समजायचं आणि तेवढं छिन्नीनं पाडायचं. मग पत्र्यानं, म्हणजे मुठीच्या रुंद पात्यानं, जुना चुना खरवडायचा, तारेच्या ब्रशनं घासायचं. ते पाडताना मला जे सुख व्हायचं ते चित्र काढताना कधी झालं नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

हे सगळं मला चाचांनी शिकवलं. चाचा शिरूरचे, तिथल्या मुसलमान मोहल्ल्यातले. दुकानांच्या पाट्या हातानं रंगवण्यात त्यांची निम्मी हयात गेली. फ्लेक्स आले तसे ते भिंतींकडे वळले. नऊ वर्षं आम्ही जोडीनं काम केलं, सणसवाडीतल्या कँटीनच्या भिंतींपासून शाळांच्या कुंपणांपर्यंत. चेहरे ते काढायचे, बाकी सगळं मी. मी भडकलो की ते एवढंच म्हणायचे, आधी ब्रश धू, मग बोल.

खुटबावला नवा विहार बांधला होता. आमच्याच समाजाचा, आणि गाव माझी सासुरवाडी. आतली एक भिंत आणि बाहेरची एक, दोन्हींवर चित्रं हवी होती. पौर्णिमेला उद्घाटन होतं. समितीचे आप्पा माझे चुलत सासरे, त्यांना मी चार माणसांत शब्द देऊन बसलो.

चाचांनी वहीत दोन पानं केली. आतल्या भिंतीला लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, दोन हात, प्रायमर आणि साधं इमल्शन. बाहेरच्या भिंतीला लांबी अजिबात नको, प्रायमर आणि रंग दोन्ही बाहेरचे, आणि जांभळा-गुलाबी जपून, कारण ऊन आधी तेच खातं. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं की प्लास्टर वाळल्याशिवाय बाहेरचा डबा उघडायचा नाही.

प्लास्टरवर आठ-दहा दिवस पाणी मारतात. इथं त्या पाण्याची सेवा झाली होती. विहाराच्या भिंतीला आपल्या हातचं पाणी लागावं म्हणून घरटी पाळी लागली. म्हाताऱ्या बायकासुद्धा कळशी घेऊन यायच्या. महिना होत आला, आम्ही आतलं चित्र पुरं करत आणलं, तरी रोज संध्याकाळी बाहेरून पाण्याचे सपके ऐकू यायचे. बास करा, असं मीच सांगायला पाहिजे होतं. चाचांनी दोनदा मला तसं सांगून बघितलं. पण मला ते पाहून ऊर भरून यायचा, म्हणून मी गप्प बसलो.

बाहेरची भिंत उन्हानं पांढरीफटक दिसत होती. चाचांनी तिच्यावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर कागदाला आतून थेंबच थेंब. अजून महिनाभर थांबायचं, ते म्हणाले. पौर्णिमा नऊ दिवसांवर होती. मी म्हणालो, वरून कोरडी आहे, चालून जाईल. दुपारची वेळ, आसपास कुणी नव्हतं. चाचा लाकडी घोडीवर चढून भिंतीच्या वरच्या अंगाला दुसरा कागद लावायला लागले आणि हसले.

"उतावळा नवरा आन् गुडघ्याला बाशिंग. आप्पांना सांग, भिंतीला पौर्णिमा कळत न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी घोडीला लाथ मारली. ते पाठीवर आपटले. उठायला लागले तसा मी हातातला पत्रा त्यांच्या तोंडावर फिरवला. घासून घासून त्या पत्र्याला सुरीसारखी धार आली होती. त्यांनी उजवा हात आडवा धरला आणि पत्रा अंगठ्याच्या बुडाशी हाडापर्यंत गेला. भिंतीवर रक्त उडालं आणि ओघळत खाली आलं. एवढ्या ओल्या भिंतीनं ते शोषूनसुद्धा घेतलं नाही. मी थांबलो नाही, त्यांच्या बरगडीत आणखी दोन लाथा घातल्या. दोनच होत्या असंही मला खात्रीनं सांगता येत नाही, आणि याची मला लाज वाटते.

ओरडा ऐकून माणसं धावत आली. आप्पांनी काय झालं विचारलं. मी बोलायच्या आत चाचा उठून बसले, हाताला टॉवेल गुंडाळला आणि म्हणाले, "घोडी सरकली. पत्र्यावर पडलो."

दौंडच्या दवाखान्यात नेताना टेम्पोत आम्ही दोघंच मागं होतो. मी त्यांचे पाय धरून रडायला लागलो. त्यांनी पाय ओढून घेतले.

"तुझ्यासाठी बोललो न्हाई मी," ते म्हणाले. "माझी लेक हितंच शेजारी, राहू गावात दिलीय. ह्या मारामारीचं उद्या गावात काय रूप व्हईल, ते तुला कळंना. मला कळतं."

आतली शीर तुटली होती. अंगठा परत वळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी मात्र नऊ दिवसांत भिंत पुरी केली. शब्द दिला होता ना. चेहरे मीच काढले, ते चेहऱ्यासारखे दिसत नव्हते, तरी शाल देऊन माझा सत्कार झाला. आप्पांनी माइकवरून चाचांच्या अपघाताबद्दल हळहळ व्यक्त केली. मी मान खाली घालून ऐकलं आणि लोकांना वाटलं, याला किती दुःख झालंय.

तिसऱ्या आठवड्यात रंगाला फुगे आले. आधी चेहरे गेले, मग बाकीचं. फुगा फोडला की आतून पाणी यायचं आणि मागं पांढरं मीठ. मी तिथं जाऊन मुठीनं फुगे फोडत सुटलो, माझीच बोटं सोलून निघाली.

लेकीकडून कळलं म्हणून चाचा शिरूरहून एसटीनं आले. डाव्या हातात पत्रा धरून एका कडेनं भिंत खरवडायला लागले. डाव्या हाताला सवय नव्हती, पत्रा सारखा निसटायचा. मदतीला म्हणून मी हात पुढं केला, तर त्यांनी पत्रा पाठीमागं लपवला. तेवढं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळा रंग उतरवल्यावर त्यांनी आप्पांना सांगितलं, तीन महिने भिंतीला कुणी हात लावू नका, पाणी तर अजिबात मारू नका. मग माझ्याकडं वळले.

"काम तू चांगलं शिकलास. आता जोडीला दुसरा कुणी बघ. तुझ्याकडं पाठ करून मी घोडीवर चढनार न्हाई."

ते आता घरीच असतात. ती भिंत मी दिवाळीनंतर पुन्हा रंगवली, आणि ती टिकली आहे. सासुरवाडीला गेलो की कुणी ना कुणी चाचांची चौकशी करतं आणि विचारतं, घोडी सरकली तेव्हा तुम्ही कुठं होता, पाव्हणं? मी सांगतो, जवळच होतो.

घोडी सरकली नव्हती. मी लाथ मारली होती.